सोळा आण्यांचे शंभर पैसे

अपूर्णांकाचे दशांश करणे हे पाटीवरचे गणित, अशी आपली समजूत असते. पण एकदा हे गणित साऱ्या देशाला भरबाजारात उभे राहून सोडवावे लागले. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. तोवर रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पया, असा हिशेब होता.

आमचे गोंदिया त्या वेळी भंडारा जिल्ह्यात होते. त्याचा वेगळा जिल्हा १९९९ साली झाला. धानाचे आणि विड्यांचे हे गाव. पावकी-निमकी घोकलेल्या माणसाला पाव रुपयाचे पंचवीस, निम्म्याचे पन्नास आणि पाऊण रुपयाचे पंचाहत्तर करणे मुळीच जड नव्हते. अडले ते एका आण्याशी! एकाला सोळांनी भागले की ०.०६२५ येतात, म्हणजे आण्याचे सव्वासहा नवे पैसे. पाटीवर दशांशाची चार स्थळे मांडता येतात, पण खिशातले नाणे दोन स्थळांपुढे जात नाही.

मग कायद्याने तोड काढली. अर्धा किंवा त्याहून कमी भाग उरला तर तो सोडून द्यायचा, अर्ध्याहून अधिक उरला तर पुरा पैसा धरायचा. त्यामुळे एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, पण तीन आण्यांचे एकोणीस झाले.

नियम दिसायला निःपक्षपाती होता. पण, वाचकहो, जुन्या एका पैशाचे काय झाले पाहा. त्याची किंमत १.५६२५, म्हणून द्यायचे दोन. आण्याचा जिन्नस एकदम घेणाऱ्याला सहा नवे पैसे पडत. तोच जिन्नस पैशापैशाने चार वेळा घेणाऱ्याला आठ! पैशापैशाने कोण घेतो? ज्याच्या हाती एकदम आणा नसतो तो. गणितातली बाकी अशी गरिबाच्या पदरात पडते.

१ जून १९६४ पासून पैशामागचे ‘नवा’ हे विशेषणही गेले. आणा नाण्यांतून हद्दपार झाला, तरी भाषेतून काही जाईना. धानाच्या पिकाचा अंदाज सरकारी कागदावर ‘पैसेवारी’ म्हणून लिहिला जातो. शेतकऱ्याच्या तोंडी मात्र ती अजून आणेवारीच आहे. आणि खरे बोलणे? ते आजही सोळा आणेच खरे असते. शंभर पैसे खरे, असे मी तरी कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही.