टेक्स्चर्समधला ‘टी’ मोठा की लहान?

आजचा इतिहास फाईलच्या नावांचा आहे. हसू नका, यावरून लोकांचे अख्खे वीकेंड वाया गेलेत.

‘स्कायरिम’ हा गेम आला ११ नोव्हेंबर २०११ ला. त्यात आजही लोक शेकडो मॉड्स टाकून खेळतात. मॉड म्हणजे खेळाडूंनीच केलेली भर: कुणी नवं गाव वसवतं, कुणी नुसतं गवत हिरवंगार करतं. पण हा गेम लिनक्ससाठी कधी निघालाच नाही. लिनक्सवाल्यांकडे होतं वाइन, १९९३ पासूनचं. विंडोजचा प्रोग्राम जे मागेल ते लिनक्सकडून आणून देणारा दुभाषा. ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व्हने त्यावरच उभं केलेलं प्रोटॉन स्टीममध्ये दिलं आणि गेम एका क्लिकवर सुरू व्हायला लागला.

मॉड्स मात्र अडले. का? विंडोजला ‘Textures’ आणि ‘textures’ ही एकच गोष्ट वाटते, म्हणून मॉड करणारे मनाला येईल तसं लिहितात. लिनक्सला ते दोन वेगळे फोल्डर. एका मॉडने मोठा टी वापरला, दुसऱ्याने लहान, की झाले दोन फोल्डर शेजारी शेजारी. वाइन बिचारं जुळणारं नाव शोधतं, पण जुळणारी दोन असतील तर कुठलं तरी एकच त्याच्या हाती लागतं. एरर येत नाही. फक्त गवत जुनंच दिसतं. एररशिवायचा बग म्हणजे डोक्याला शॉट! शेवटी २०१९ मध्ये लिनक्स ५.२ कर्नलमध्ये एक्स्ट-फोर फाईल सिस्टीमला ठरावीक फोल्डरपुरतं हे मोठं-लहान विसरायला शिकवलं.

त्याच सुमारास वाबाजॅक आलं. शेकडो मॉड्स एकेक करून बसवण्याऐवजी अख्खा संच एकदम. गंमत अशी की वाबाजॅकच्या यादीत मॉड्सच्या मूळ फाईल्स नसतातच, त्या कुठून घ्यायच्या आणि कशा रचायच्या एवढंच असतं. कारण मॉड त्याच्या कर्त्याचा, परवानगीशिवाय दुसऱ्याने वाटायचा नाही. पण मग कर्त्याने फाईल काढून टाकली तर? संच कोसळला!

जुलै २०२१ मध्ये नेक्सस मॉड्सने यावर जाहीर केलं, की कलेक्शन्स टिकावीत म्हणून यापुढे फाईल कायमची डिलीट होणार नाही, जुन्या संग्रहात राहील. नको असेल त्यांना साधारण महिन्याभराची मुदत. बरेच कर्ते चिडले, काहींनी सगळं काम काढून घेतलं. आम्हा इंजिनिअर लोकांना हे ओळखीचं. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं ११ ओळींचं पॅकेज एकाने एनपीएमवरून काढलं आणि जगभर बिल्ड फुटले होते. माझं मत विचाराल तर संच टिकायला हवा हे पटतं, पण फुकट राबणाऱ्या माणसाला आपलंच काम मागे घेता येऊ नये, हे नाही पटत.

बरं, वाबाजॅक स्वतः विंडोजचा प्रोग्राम. म्हणून कित्येक जण विंडोजवर संच बांधतात, फोल्डर उचलून लिनक्सवर आणतात आणि मॉड ऑर्गनायझरच्या सेटिंगमधले ‘डी’ ड्राइव्हचे पत्ते ‘झेड’ करतात, कारण वाइनला अख्खं लिनक्स ‘झेड’ ड्राइव्हच्या रूपात दिसतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये लिनक्सवर चालणारं स्टीम डेक आल्यावर ही खटपट करणारे अजून वाढले.

तुम्ही करणार असाल तर एक लक्षात ठेवा: मोठं-लहान विसरायची ती सोय फाईल सिस्टीमवर आधी चालू असावी लागते, आणि फोल्डरला लावताना तो रिकामा लागतो. मॉड्स त्यानंतर टाका.