केशप्रक्षालनाची साधने आणि ‘घरगुती’पणाची कल्पना

शांपू वर्ज्य करून शिकेकाई, रिठा, आवळा इत्यादी साधनांकडे पुन्हा वळण्याची प्रवृत्ती नागर, सुशिक्षित वर्गात वाढत असलेली दिसते. तिच्या पुरस्कर्त्यांच्या विवेचनात आरोग्याइतकाच इतिहासाचाही आधार घेतलेला असतो. पूर्वी केस धुण्याचे द्रव्य निसर्गातून सरळ घरात येत असे, त्यात बाजार नव्हता, परक्याचा हात नव्हता. पुढे कारखान्याने ते स्वावलंबन हिरावून घेतले, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक कितपत टिकते, ह्याचा विचार येथे मुख्यतः महाराष्ट्रापुरता केला आहे.

आरंभी ‘शांपू’ ह्या शब्दाचाच विचार करणे उचित होईल. हा शब्द परका नाही. हिंदीतील ‘चाँपना’, म्हणजे दाबणे वा चेपणे, ह्या क्रियापदाच्या आज्ञार्थी रूपापासून तो अठराव्या शतकात इंग्रजीत गेला आणि तेथे प्रथम अंगमर्दन एवढाच त्याचा अर्थ होता. पाटणा येथे १७५९ मध्ये जन्मलेले शेख दीन महंमद ह्यांनी इंग्लंडमधील ब्रायटन येथे बाष्पस्नान व मर्दन ह्यांचे गृह चालविले. १८२२ मध्ये ह्या उपचारावर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि चौथा जॉर्ज व चौथा विल्यम ह्या दोन राजांकडून त्यांना ‘शांपूइंग सर्जन’ हे पद मिळाले. ह्या सगळ्या वैभवात केस धुण्याचा संबंध जवळजवळ नाही. केस धुणे हा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला आणि धुण्याच्या द्रव्याला तेच नाव त्यानंतर मिळाले. तेलमर्दन आणि स्नान ह्यांची सांगड मात्र आपल्याकडे फार जुनी आहे. दिवाळीतील अभ्यंगस्नानात ती आजही टिकून आहे. इंग्रजीने त्या जोडीतील पहिल्या क्रियेचे नाव उचलले आणि दुसरीला लावले.

प्राचीन वाङ्मयातील पुरावा वाचताना विशेष सावधगिरी बाळगावी लागते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात (श्लोक १२०) वस्त्रशुद्धीचे नियम आहेत. त्यांत रेशमी व लोकरी वस्त्रांसाठी खारी माती, कांबळ्यांसाठी रिठे आणि तागाच्या जातीच्या वस्त्रांसाठी पांढरी मोहरी सांगितली आहे. रिठ्याचा मलशोधक गुण त्या काळी सुपरिचित होता, एवढे ह्यावरून निश्चित होते. पण हा पुरावा कापडाचा आहे, केसांचा नव्हे. कामसूत्रातील नागरकाच्या दिनचर्येत दर तिसऱ्या दिवशी ‘फेनक’ वापरावा असे म्हटले आहे. तो केसांसाठीच होता, असे त्या स्थळावरून म्हणता येत नाही. ‘फेनिल’ हे रिठ्याचे संस्कृत नाव आहे म्हणून दोहोंची सांगड घालणेही घाईचे होईल. वाग्भटाने अष्टांगहृदयात मस्तकावर उष्ण जल घेणे केस व नेत्र ह्यांना अहितकर मानले आहे. शिकेकाईच्या कढत काढ्याने न्हाण्याची मराठी घरांतील पद्धत ही अविच्छिन्न शास्त्रीय परंपरा मानणाऱ्यांनी ह्या वचनाचा विचार केलेला दिसत नाही. रिठा, साबण व धोबी ह्यांच्या इतिहासाची विखुरलेली साधने पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील प. कृ. गोडे (१८९१–१९६१) ह्यांनी एकत्र केली. असले क्षुल्लक वाटणारे विषय इतिहासाच्या कक्षेत आणण्याचे त्यांचे ऋण मोठे आहे.

आता प्रत्यक्ष शिकेकाईकडे वळू. ही सह्याद्रीच्या व दक्षिणेच्या वनांत वाढणारी काटेरी वेल होय. तिच्या वाळलेल्या शेंगांत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. ती पाण्याचा पृष्ठताण कमी करतात व फेस आणतात. मराठी नाव तमिळ ‘शीयक्काय्’ ह्या शब्दाशी जुळते. ‘काय्’ म्हणजे फळ वा शेंग. वेल घाटात आणि नाव दक्षिणेचे, हा प्रकार अर्थपूर्ण आहे. केवळ नावावरून व्यापाराचा मार्ग सिद्ध होत नाही हे खरे. तथापि वस्तू ज्या नावाने विकली जाते तेच नाव घरात रूढ होते, असा अनुभव आहे. शहरातील गृहिणीने शिकेकाईची वेल क्वचितच पाहिली असेल. तिला शिकेकाई मिळे ती काष्ठौषधींच्या दुकानात, नागरमोथा, गवला कचरा, वाळा आणि आवळकाठी ह्यांच्या शेजारच्या पोत्यात. त्या पोत्यापर्यंत शेंगा आल्या त्या काट्यांतून हात घालून त्या तोडणाऱ्या वनवासी स्त्रीपुरुषांच्या श्रमाने, आणि त्यांच्याकडून खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याच्या दराने. १८७८ च्या वनविषयक कायद्याने राखीव वनांतील उत्पन्नावर सरकारी नियंत्रण आले व जे पूर्वी वहिवाटीने गोळा होई त्याला परवाना व मक्ता ह्यांची चौकट पडली. ज्याला आज ‘निसर्गाची देणगी’ म्हणतात, तिच्यावर त्या काळी शासनाचा हक्क नोंदला गेला होता.

दुकानापासून डोक्यापर्यंतचा प्रवासही कष्टाचाच होता. शेंगा उन्हात कडकडीत वाळवायच्या, बिया काढायच्या, कुटायच्या, वस्त्रगाळ करायच्या. कुटताना उडणाऱ्या धुळीने शिंका येत आणि डोळे चुरचुरत. न्हाण्याच्या दिवशी पहाटे बंब पेटवून पाणी तापवायचे, भुकटी उकळायची, काढा गाळायचा, आणि घरातील मुलींना एकीमागून एक न्हाऊ घालायचे. लांब केस एकटीने धुणे कठीण. दुसरीचा हात लागेच. केस वाळवून धुपावर धरण्यात दुपार जाई. ह्यामुळेच केस रोज धुण्याची कल्पना त्या घरात संभवत नव्हती. न्हाण्याचे वार ठरलेले असत. ‘न्हाणे’ ह्या क्रियापदाचा स्त्रीच्या ऋतुस्नानाशी असलेला निकट संबंध आणि ‘न्हाण येणे’ हा वाक्प्रचार हे दाखवितात की ही क्रिया केवळ स्वच्छतेची नव्हती. स्त्रीच्या जीवनातील अवस्थांची ती नोंद होती. ज्या समाजांत केशवपनाची चाल होती तेथे विधवेला ह्या सोहळ्यात स्थान उरत नसे. दुसरीचे केस धुण्याचे काम मात्र तिच्याकडे येऊ शके. घरगुती उपचारांच्या गौरवपर वर्णनांत हा भाग सहसा गाळला जातो.

मग साबण हाती आल्यावर शिकेकाई लगेच का हटली नाही? मुंबई इलाख्यात विलायती साबण एकोणिसाव्या शतकातच विकला जात होता, आणि १९१८ च्या सुमारास गोदरेज ह्यांचा वनस्पतिज तेलांचा साबण निघाल्याने चरबीविषयीचा धार्मिक आक्षेपही दूर झाला. अंगाला साबण आला. तरी डोक्याला शिकेकाई राहिली. ह्याचे श्रेय परंपरानिष्ठेला देण्याचा मोह होतो, पण कारण पाण्यात आहे. विहिरींचे पाणी पुष्कळ ठिकाणी दुष्फेन असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम ह्यांच्याशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा साका बनतो व तो केसांवर चिकटून बसतो. शिवाय साबण अल्कधर्मी असल्याने केसांची खवलेदार बाह्यत्वचा उकलते आणि केस गुंततात. सॅपोनिनांचा असा साका होत नाही, व शिकेकाईचा काढा किंचित आम्लधर्मी असतो. तेल लावलेल्या लांब केसांसाठी त्या पाण्यात शिकेकाई हेच अधिक चांगले साधन होते. गृहिणीने ते पारखूनच ठेवले होते. पैठणी आणि सोन्याचे दागिने ह्यांच्यासाठी रिठा टिकला, त्यामागेही अशीच पारख आहे.

शिकेकाईला खरा प्रतिस्पर्धी मिळाला तो साबणाहून निराळ्या द्रव्यांत. बर्लिनमध्ये हान्स श्वार्त्सकोफ ह्यांनी १९०३ मध्ये चूर्णरूप शांपू काढला होता. परंतु दुष्फेन पाण्याची अडचण सुटली ती १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत संश्लिष्ट प्रक्षालकांवर आधारलेला ‘ड्रीन’ निघाला तेव्हा. भारतात तरीही शांपू बराच काळ बाटलीचा आणि म्हणून सधनांचा राहिला. तमिळनाडूतील कडलूर येथे चिन्नी कृष्णन ह्यांनी लहान पुडीची कल्पना पुढे आणली. त्यांचे पुत्र सी. के. रंगनाथन ह्यांनी १९८३ मध्ये ‘चिक’ शांपू सुरू केला व पुडीची किंमत पुढे पन्नास पैशांपर्यंत खाली आणली. एका न्हाण्यापुरती पुडी, बंबाची गरज नाही, कुटणे नाही, डोळ्यांत जाणारी भुकटी नाही. ज्या स्त्रिया शेतमजुरीला वा कारखान्यात जात होत्या त्यांना त्या पुडीने सकाळचे काही तास परत दिले. हा लाभ हिशेबात न घेता पुडीच्या प्रसाराला केवळ जाहिरातीचे यश म्हणणे अन्यायाचे आहे. पुड्यांच्या कचऱ्याचा प्रश्न खराच. पण तो वेगळा आहे.

शांपूत्यागाचे परदेशी रूप ह्याहून भिन्न आहे. तेथे खाण्याचा सोडा व शिरका ह्यांचा वापर होतो, किंवा नुसत्या पाण्यावर भागविले जाते. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातील नभोवाणी निवेदक रिचर्ड ग्लोव्हर ह्यांनी श्रोत्यांना सहा आठवडे शांपू सोडून पाहण्याचे आवाहन केले होते. सोडा अल्कधर्मी आहे. त्याचे गोत्र आपल्याकडील शिकेकाईशी नसून परटाच्या खाराशी जुळते, आणि शिरक्याने त्याचा दोष निस्तरावा लागतो. दोन्ही पद्धतींना ‘नैसर्गिक’ ह्या एकाच नावाखाली घालणे रसायनाच्या व इतिहासाच्या दोन्ही दृष्टींनी चुकीचे ठरते.

इकडे शिकेकाईकडे परतणाऱ्यांपैकी शेंगा आणून कुटणारे विरळाच. बहुतेक घरांत येते ती दळलेली, बांधलेली, छापील वेष्टनातील भुकटी. कुटण्याचे काम यंत्राकडे गेले आहे. तोडण्याचे काम मात्र जेथे होते तेथेच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वनवासींची मालकी मान्य केली. वेष्टनावर द्रव्यांची नावे असतात, कारखान्याचा पत्ता असतो, किंमत असते. शेंग कोणत्या वनातून आली आणि तोडणाऱ्याला तिचे काय मिळाले, हे त्यावर आढळत नाही.