खासगी मोटारीचे नोंदणी नूतनीकरण आणि दीर्घकालीन साठवण

खासगी मोटारीचे नोंदणी नूतनीकरण म्हणजे नोंदणीला १५ वर्षे पूर्ण झाल्यावर प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून (आरटीओ) मोटारीची तपासणी करून घेऊन नोंदणी प्रमाणपत्राची मुदत वाढवून घेण्याची कायदेशीर प्रक्रिया होय. मालक काही महिने परगावी किंवा परदेशी राहणार असेल, तर ही प्रक्रिया आणि मोटारीची साठवण यांचा विचार एकत्र करावा लागतो. कारण मोटार उभी असली तरी कागदपत्रांची मुदत थांबत नाही. मुलांकडे परदेशी दीर्घकाळ जाणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांची संख्या पुणे शहरात मोठी असल्याने तेथे हा विषय विशेष व्यवहारोपयोगी ठरतो.

== कायदेशीर तरतुदी ==

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या कलम ५६ नुसार योग्यता प्रमाणपत्राची अट परिवहन वाहनांना, म्हणजे टॅक्सी, रिक्षा, बस, मालमोटार इत्यादींना लागू होते. अशा वाहनांची तपासणी ८ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी होते. खासगी मोटारीस असे स्वतंत्र नियतकालिक प्रमाणपत्र लागत नाही. कलम ४१ नुसार तिची नोंदणी १५ वर्षे वैध असते आणि पुढे ती एका वेळी ५ वर्षांसाठी वाढविता येते. ही वाढ देताना होणारी तपासणी हीच खासगी मोटारीची योग्यता तपासणी होय.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५२ नुसार नूतनीकरणाचा अर्ज नमुना २५ मध्ये करावा लागतो. मुदत संपण्याच्या ६० दिवसांहून अधिक आधी हा अर्ज करता येत नाही. मुदत संपल्यावर नूतनीकरण होईपर्यंत मोटार सार्वजनिक ठिकाणी वापरण्यास मनाई आहे. या मनाईचा भंग केल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी कलम १९२ अन्वये किमान २,००० व कमाल ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

दिल्ली परिसरात जुन्या वाहनांवर वयानुसार घातलेले निर्बंध महाराष्ट्रास लागू नाहीत. पुण्यातील १५ वर्षांवरील सुस्थितीतील मोटार तपासणीत उत्तीर्ण झाल्यास पुढे वापरता येते.

== शुल्क ==

१ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये, तर मोटारसायकलीचे ३०० वरून १,००० रुपये झाले. विलंब झाल्यास मोटारीला दरमहा ५०० व मोटारसायकलीला दरमहा ३०० रुपये अधिक भरावे लागतात. २०२५ साली २० वर्षांवरील वाहनांसाठी याहून अधिक दर लागू करण्यात आले. त्यानुसार मोटारीचे शुल्क १०,००० रुपये आहे. याशिवाय महाराष्ट्रात १५ वर्षांवरील खासगी वाहनांना पर्यावरण कर भरावा लागतो.

== पुण्यातील प्रक्रिया ==

पुणे शहरातील वाहनांची नोंदणी एमएच-१२ या क्रमांकाने होते आणि तिचे मुख्य कार्यालय संगम पुलाजवळ आहे. पिंपरी-चिंचवडसाठी एमएच-१४ हा क्रमांक असून तेथील कार्यालय वेगळे आहे. अर्ज व शुल्कभरणा 'परिवहन' संकेतस्थळावर होतो. त्यानंतर ठरलेल्या दिवशी मोटार निरीक्षकासमोर उभी करावी लागते.

मोटार वाहन निरीक्षक प्रथम चासी क्रमांक व इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहतो. त्यानंतर ब्रेक, सुकाणू, दिवे, दिशादर्शक, भोंगा, टायर, वायपर, आरसे, सीटबेल्ट आणि क्रमांकपट्टी पाहिली जाते. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसविणे बंधनकारक असल्याने ती आधीच बसवून घ्यावी लागते. विमा व प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र (पीयूसी) तपासणीच्या दिवशी चालू मुदतीचे असावे लागते.

संकेतस्थळावरील कामासाठी नोंदणीकृत भ्रमणध्वनीवर एकवेळचा संकेतांक येतो. त्यामुळे परदेशी जाताना भारतातील क्रमांक बंद पडू न देणे महत्त्वाचे ठरते.

== दीर्घ अनुपस्थितीचे नियोजन ==

प्रस्थानाची तारीख आणि नोंदणीची अंतिम तारीख यांचा मेळ घालणे ही नियोजनाची पहिली पायरी होय. अंतिम तारीख प्रस्थानानंतर ६० दिवसांच्या आत येत असेल, तर जाण्यापूर्वीच अर्ज करता येतो. ती त्याहून पुढे असेल, तर आगाऊ नूतनीकरण शक्य नसते. अशा वेळी दोन मार्ग उरतात. मुदतीच्या काळात विश्वासू व्यक्तीकरवी मोटार तपासणीस नेणे हा पहिला, आणि परत आल्यावर विलंब शुल्क भरणे हा दुसरा. उदाहरणार्थ, मुदत संपल्यानंतर चार महिन्यांनी परतणाऱ्या मोटारमालकास विलंबापोटी सुमारे २,००० रुपये अधिक पडतात. दुसऱ्या मार्गात मधल्या काळात मोटार खासगी जागेतच उभी राहिली पाहिजे. पुढे ती तपासणीस नेताना वाहून नेणाऱ्या गाडीवर चढवून नेणे कायद्याच्या दृष्टीने सुरक्षित असते.

रस्त्यावर मोटार सोडून जाणे धोक्याचे असते. कलम १२७ नुसार सार्वजनिक ठिकाणी १० तास किंवा अधिक काळ बेवारस सोडलेले वाहन गणवेशातील पोलीस अधिकारी हलवू शकतो.

=== विमा व पीयूसी ===

कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन वापरण्यासाठी त्रयस्थ पक्ष विमा सक्तीचा आहे. विम्याविना वाहन चालविल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मुदत संपून ९० दिवस उलटल्यास दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत (नो क्लेम बोनस) जाते. त्यामुळे मोटार उभी असली तरी विमा चालू ठेवणे लाभाचे असते. विम्याचे नूतनीकरण दूरवरून करता येते. पीयूसीसाठी मात्र मोटार केंद्रावर न्यावीच लागते. भारत स्टेज-४ व त्यापुढील मोटारींना पीयूसी एक वर्षासाठी, तर त्याहून जुन्या मोटारींना सहा महिन्यांसाठी मिळते.

== साठवणीतील बिघाड व उपाय ==

* बॅटरी : घड्याळ, चोरी-इशारा यंत्रणा यांना सतत थोडी वीज लागत असल्याने काही आठवड्यांत बॅटरी उतरते. तिचे ऋण टोक आधी सोडवून ठेवतात.
* इंजिन : शेजाऱ्याने आठवड्यातून पाच मिनिटे मोटार जागेवर चालू करणे उपयोगाचे नाही. तेवढ्यात बॅटरी भरत नाही आणि थंड इंजिनात व धूरनळीत पाण्याचा अंश साचतो. चालवायचीच तर वीस-तीस मिनिटे रस्त्यावर चालवावी आणि चालविणाऱ्याकडे वैध परवाना व कागदपत्रे असावीत.
* इंधन : इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओलावा शोषते. टाकी जवळजवळ भरून ठेवल्यास आतील हवेची जागा कमी होते.
* टायर व ब्रेक : टायरमध्ये पुरेशी हवा भरावी. हातब्रेक ओढलेला राहिल्यास चिकटतो, म्हणून मोटार गिअरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावतात.
* उंदीर : बॉनेटखालील वायरी कुरतडल्या जातात. मोटारीत खाद्यपदार्थ ठेवू नयेत व अधूनमधून कुणी बॉनेट उघडून पाहावे.
* बुरशी : पावसाळ्यात आसनांवर बुरशी येते. प्लॅस्टिकऐवजी हवा खेळती ठेवणारे आच्छादन वापरावे.

=== पुराचा धोका ===

मालक जूनपूर्वी जाऊन पावसाळ्यानंतर परतणार असेल, तर वाहनतळाची जागा निर्णायक ठरते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात आणि २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी परिसरात शिरलेल्या पाण्यात सोसायट्यांमधील वाहने बुडाली. नदी-ओढ्यालगतच्या इमारतीत तळघराऐवजी उंचावरील जागा निवडावी आणि किल्ली विश्वासू व्यक्तीकडे ठेवावी. पाण्यात बुडालेली मोटार कधीही चालू करून पाहू नये. सिलिंडरमधील पाणी दाबले जात नसल्याने इंजिनाचे दांडे वाकतात. इंजिनाच्या अशा नुकसानीसाठी बहुधा विम्याचे वेगळे जोडकलम घ्यावे लागते.

== इतर देशांत ==

ब्रिटनमध्ये १९६० पासून मोटारींची सक्तीची तपासणी सुरू झाली. तेथे मोटार रस्त्यावर वापरणार नसल्याची अधिकृत सूचना देऊन तिला विमा व वाहन करातून मोकळीक मिळविता येते. मात्र ती खासगी जागेतच ठेवावी लागते. जपानमध्ये नव्या मोटारीची पहिली तपासणी तीन वर्षांनी व पुढे दर दोन वर्षांनी होते. भारतात खासगी मोटारीच्या नोंदणीची मुदत अशा सूचनेने थांबविता येत नाही.

== हेही पाहा ==

* मोटार वाहन अधिनियम, १९८८
* प्रादेशिक परिवहन कार्यालय
* वाहन विमा
* आंबिल ओढा