पोलिसांपुढील कबुलीजबाब

“आरोपीनें गुन्हा कबूल केला” एवढी एक ओळ वर्तमानपत्रांत वाचली कीं, आपणांपैकीं बहुतेकजण त्या खटल्याचा निकाल मनांतल्या मनांत लावून मोकळे होतात. मनुष्यानें स्वतःच्या तोंडानें दिलेल्या कबुलीहून बलवत्तर पुरावा तो कोणता? असें असतां, पोलीस अंमलदारापुढें दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करतां येत नाहीं, असा आपल्या देशांतील कायद्याचा दीडशें वर्षांहून अधिक काळचा नियम आहे. इंग्लंडांत असा सरसकट निषेध नव्हता. जबाब खुषीनें दिला कीं भीतीनें अगर लालुचीनें दिला, हें तेथील न्यायाधीश पाहत. मग इंग्रजांनींच येथें केलेल्या कायद्यांत हा अधिक कडक निर्बंध कां आला, याचा इतिहास बोधप्रद आहे.

१८५४ सालीं मद्रास इलाख्यांतील छळाच्या तक्रारींची चर्चा पार्लमेंटांत झाली. त्यावरून चौकशीसाठीं कमिशन नेमण्यांत आलें व १८५५ सालीं त्याचा अहवाल बाहेर पडला. त्या काळीं सारावसुली आणि पोलीस हीं दोन्ही कामें तहशिलदार व त्याच्या हाताखालचे शिपाई यांच्याकडेच असत. थकलेला सारा काढावयाचा, तसाच चोरीचा कबुलीजबाबही काढावयाचा, साधनें तींच. बोटें लाकडी चापांत दाबणें, मान वांकवून दोरीनें पायांशीं बांधणें, डोळ्यांत मिरचीची पूड घालणें, असे प्रकार कमिशनपुढें आले व छळ खरोखरच चालतो, असा निष्कर्ष त्यास काढावा लागला.

१८६१ सालीं पोलीसखात्याची नवी घडी बसली. त्याच सालच्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यांत १४८ ते १५० हीं तीन कलमें घालण्यांत आलीं. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनीं रचलेला पुराव्याचा कायदा १८७२ सालीं अंमलांत आला, तेव्हां तींच २५, २६ व २७ या अंकांनीं त्यांत आलीं. पोलिसांपुढील कबुली त्याज्य, हें पहिलें. पोलिसांच्या ताब्यांत असतां इतर कोणाजवळ दिलेली कबुलीही, समक्ष मॅजिस्ट्रेट नसेल तर, त्याज्य, हें दुसरें. तिसरें मात्र अपवादाचें : आरोपीनें सांगितल्यावरून एखादी गोष्ट प्रत्यक्ष उघडकीस आली, तर तिच्याशीं स्पष्टपणें निगडित असलेला तेवढाच भाग पुराव्यांत घ्यावा.

या नियमाच्या मुळाशीं आरोपीविषयींची दया आहे, तसाच व्यवहारही आहे. छळ नेहमीं क्रूरपणानेंच होतो असें नाहीं. पुष्कळदां तो आळसानें होतो. उन्हातान्हांत हिंडून साक्षीदार शोधण्यापेक्षां सांपडलेल्या मनुष्यास बोलता करणें सोपें. हें कारण स्टीफन यांनींही पुढें नमूद केलें आहे. काढलेली कबुली कोर्टांत कुचकामाची ठरली, तर ती काढण्याचा मोहच उरणार नाहीं, अशी ही योजना होती.

परंतु अपवादाच्या खिडकींतून नियमाचें घर लुटलें जाण्याचा धोका होताच. “ज्या सुऱ्यानें मीं अमक्यास मारलें तो दाखवितों” असा जबाब लिहून घ्यावयाचा, सुरा काढावयाचा आणि सगळेंच वाक्य पुराव्यांत दाखल करावयाचें, ही युक्ति सोपी होती. गुंटूरकडील पुलुकुरी कोटय्या याच्या खटल्यांत हा प्रश्न प्रीव्ही कौन्सिलपुढें गेला. १९४६ च्या डिसेंबरांतील निकाल सर जॉन बोमंट यांनीं दिला. हे पूर्वी मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते. शोध लागतो तो वस्तु कोठें होती व तें आरोपीस ठाऊक होतें या गोष्टींचा; तिनें पूर्वी काय केलें याचा नव्हे, असें त्यांनीं ठरविलें. म्हणून लपविल्याचें सांगणें ग्राह्य, मारल्याचें सांगणें अग्राह्य.

स्वराज्यांत हा नियम टिकला, पण अभंग राहिला नाहीं. १९८७ च्या ‘टाडा’ कायद्यानें पोलीस सुपरिंटेंडेंट किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यानें घेतलेली कबुली ग्राह्य ठरविली, व १९९४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बहुमतानें ती तरतूद कायम केली. तो कायदा १९९५ सालीं संपला. तथापि महाराष्ट्रानें १९९९ सालीं केलेल्या ‘मोक्का’ कायद्यांत तशीच तरतूद आली. २००६ च्या जुलैंतील मुंबईच्या आगगाड्यांतील स्फोटांत दीडशेंहून अधिक लोक प्राणांस मुकले. त्या खटल्यांत २०१५ सालीं पांचजणांस फांशी व सातजणांस जन्मठेप झाली. २०२५ च्या जुलैंत मुंबई उच्च न्यायालयानें कबुलीजबाब अविश्वसनीय ठरवून बाराही जणांची शिक्षा रद्द केली. सरकारनें त्यावर सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली, व हा निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून धरूं नये, असें त्या न्यायालयानें सांगितलें.

१ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमानें जुनीं तिन्ही कलमें २३ व्या कलमांत एकत्र केलीं आहेत. तत्त्व बदललेलें नाहीं. या नियमानें गुन्हेगार सुटतात, असा आक्षेप नेहमीं येतो. आमच्या मतें त्याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. खोट्या कबुलीवर निरपराध्यास शिक्षा झाली, तर खऱ्या गुन्हेगाराचा शोध त्याच दिवशीं थांबतो. म्हणजे अन्याय एक नव्हे, दोन होतात. आणि दुसरा, ज्याचें माणूस गेलें, त्या कुटुंबावर होतो.