चोरचोळीच्या आधीचे महिने

कंधार तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून माझी नोकरी सरली. आमच्याकडं दिवस राहिले तरी तिसरा महिना लागेपर्यंत बाईनं तोंड उघडायचं नाही अशी रीत. मग आई नाहीतर सासू चोरचोळी करायची आणि त्यानंतर कुठं माझ्या रजिस्टरात नाव पडायचं. पोट पडण्याची भीती सुरुवातीलाच जास्त. गावभर कळून मग बायकांचे प्रश्न झेलण्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं, हे त्यामागचं शहाणपण मला मान्य आहे.

पण लेकराच्या मेंदूची पायाभरणी याच महिन्यांत होते. त्याची स्वतःची थायरॉइड ग्रंथी बाराव्या आठवड्याच्या सुमारास काम सुरू करते. तोवर सगळी भिस्त आईच्या हार्मोनवर.

आईचंच थायरॉइड कमी असेल, तर त्यावरचं औषध जुनं आहे. 1891 साली इंग्लंडात जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून एका बाईला उभं केलं. 1927 मध्ये थायरॉक्सिन प्रयोगशाळेत बनलं. आपल्याकडं डॉ. रामलिंगस्वामींनी 1956 पासून कांगडा खोऱ्यात थायरॉइड सुजून होणाऱ्या गलगंडावर आयोडीनच्या मिठाचा गुण दाखवला आणि 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला. तरी कंधारच्या बाजारातलं खडेमीठ धुऊन बरणीत भरणारी घरं मी कितीतरी वर्षं पाहिली. धुतलं की आयोडीनही जातं.

गर्भारपणाशी थायरॉइडच्या कमतरतेचा संबंध ठळक झाला तो 1999 मध्ये. अमेरिकेतल्या अभ्यासात, थायरॉइड कमी असून उपचार न मिळालेल्या मातांच्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी सात गुणांनी कमी भरला. 2014 मध्ये केंद्र सरकारनं जोखमीच्या गरोदर बायकांची टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, पहिल्याच भेटीत करायला सांगितलं. पण पहिली भेटच चौथ्या महिन्यात झाली तर? ऊसतोडीला गेलेल्या बाईचे तर हे महिने कोपीवरच सरतात.

मन्याडकाठच्या एका गावात थायरॉइडची गोळी चालू असलेल्या सुनेनं पाळी चुकताच गोळी बंद केली होती. "पोटुशीला गरम पडती," सासूबाई म्हणाल्या. खरं उलटं आहे. या दिवसांत गरज साधारण पाव ते निम्म्यानं वाढते, म्हणून डॉक्टर डोस वाढवतात. मी सासूबाईंना ओट्यावर बसवून सांगितलं: गोळी सकाळी उपाशीपोटी, पाण्यासोबत, चहा अर्ध्या-एक तासानं, पुढं लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्या की त्यांच्यात चार तासांचं अंतर. दुसऱ्या दिवशी त्याच सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या.

चोरचोळी मोडा असं मी कुणाला म्हणणार नाही. गावाला खुशाल तिसऱ्या महिन्यात सांगा. पण पाळी चुकली की आशाताईला आणि डॉक्टरला त्याच आठवड्यात सांगा, आणि चालू असलेली गोळी एक दिवसही सोडू नका.