बैठी गिरकी आणि तिचें माप

बर्फावर एका पायाच्या पात्यावर खालीं बसून, दुसरा पाय पुढें लांबवून, भोवऱ्याप्रमाणें फिरणारी मूर्ति ज्यानें एकदां पाहिली, त्यास तिचा विसर पडणें कठीण. फिगर स्केटिंगमध्यें हिला 'सिट स्पिन' म्हणतात. आपण तीस 'बैठी गिरकी' म्हणूं. ही गिरकी खरी केव्हां मानावी, हा प्रश्न दिसतो क्षुल्लक. परंतु त्याच्या उत्तरांत एका कलेचा दीडशें वर्षांचा इतिहास सांठलेला आहे.

हिच्या जनकत्वाचा मान जॅक्सन हेन्स या अमेरिकन नर्तकास दिला जातो. त्याच्या काळीं ताठ अंगानें बर्फावर नेमक्या आकृति कोरणें म्हणजेच उत्तम स्केटिंग, अशी समजूत होती. बॅले जाणणाऱ्या हेन्सनें गुडघा वांकविला व संगीताच्या तालावर सारें शरीर खेळविलें. स्वदेशांत त्याचें चीज झालें नाहीं. १८६० नंतरच्या दशकांत तो युरोपांत गेला, तेव्हां वाल्ट्झच्या नादांत रमलेल्या व्हिएन्नानें मात्र त्यास डोक्यावर घेतलें. १८७५ सालीं फिनलंडांत त्याचा अंत झाला.

म्हणजे काटेकोर रेघोट्यांविरुद्धच्या बंडांतून जी गिरकी जन्मली, तीच पुढें मापाच्या ताब्यांत गेली. १८९२ सालीं आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघ स्थापन झाला; स्पर्धा आल्या, गुण आले. तरी पुष्कळ काळ परीक्षक संपूर्ण नृत्य पाहून सहापैकीं गुण देत, आणि एखादी गिरकी किती उथळ होती हें त्या एका आंकड्यांत बुडून जाई. २००२ सालीं सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकमध्यें परीक्षणावर दबाव आल्याचा गवगवा झाला व जोडीच्या स्पर्धेंत दुसरें सुवर्णपदक द्यावें लागलें. त्यानंतर, २००४ सालीं, प्रत्येक क्रियेचें मोल वेगळें ठरविणारी पद्धति संघानें स्वीकारली.

या पद्धतींतील नियम थोडक्यांत असा: ज्या पायावर शरीर फिरतें त्याची मांडी बर्फाशीं निदान समांतर असावी, आणि त्या आसनांत सलग दोन फेऱ्या व्हाव्यात. मोकळा पाय पुढें असो, बाजूस असो वा मागें असो, त्यावरून आसन खरें कीं खोटें हें ठरत नाहीं. मांडी तिरपी राहिली, तर बाकी डौल कितीहि मोहक असला तरी बैठें आसन झालें असें मानीत नाहींत.

यावर रसिक म्हणेल, कीं हें तर सौंदर्यास गुण्या लावणें झालें! आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. पाठीस कुबड काढूनहि मांडी समांतर ठेवतां येते. परंतु डौलाचा निवाडा परीक्षकांच्या हातून गेलेला नाहीं. क्रियेच्या गुणवत्तेचे गुण ते निराळे देतात. मांडीची रेघ फक्त एवढेंच सांगते, कीं गिरकी झाली कीं नाहीं. आणि तें सांगतांना ती खेळाडूचें नांव वा देश विचारीत नाहीं. लहानशा देशांतून आलेल्या, कोणाच्या ओळखीच्या नसलेल्या मुलीस हा आधार थोडा नव्हे. हेन्सला असें माप कदाचित् रुचलें नसतें; पण पसंती-नापसंतीचे चटके त्यानेंहि सोसले होते.