निमस्तिष्क-विकार : अभ्यासाचा इतिहास

निमस्तिष्काला (लहान मेंदूला) इजा झाली असता हालचालींत व बौद्धिक व्यवहारांत जे दोष उत्पन्न होतात, त्यांविषयीच्या ज्ञानाच्या वाढीचा हा इतिहास होय. निमस्तिष्क कवटीच्या मागील-खालच्या भागात, मस्तिष्क स्तंभाच्या मागे असते. दोन गोलार्ध व त्यांना जोडणारा कृमीसारखा चिंचोळा मध्यभाग अशी त्याची रचना असून पृष्ठभागावर एकमेकींना समांतर अशा बारीक घड्या असतात. वजनाने हा अवयव संपूर्ण मेंदूच्या सुमारे एक दशांश भरतो; परंतु २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार मेंदूतील सुमारे ८६ अब्ज तंत्रिका कोशिकांपैकी (मज्जापेशींपैकी) ६९ अब्ज एकट्या निमस्तिष्कात आढळतात. इतक्या कोशिकांचे काम केवळ शरीराचा तोल व हालचाल सांभाळण्याचे असावे, हे आज चमत्कारिक वाटते. तथापि सुमारे दीडशे वर्षे वैद्यकाची समजूत जवळजवळ तशीच होती. ती का रूढ झाली व कशी बदलली, हा या इतिहासातील सर्वांत उद्‌बोधक भाग आहे.

इंग्रज वैद्य टॉमस विलिस (१६२१–७५) यांनी १६६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मेंदूविषयक ग्रंथात हृदयाचे स्पंदन, श्वसन यांसारख्या अनैच्छिक क्रियांचे नियंत्रण निमस्तिष्काकडे दिले होते. हे मत प्रयोगांनी खोडून काढले गेले, ते एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी. इटालियन शरीरशास्त्रज्ञ लुईजी रोलांदो (१७७३–१८३१) यांनी प्राण्यांच्या निमस्तिष्काचे भाग काढून पाहिले व आपले निष्कर्ष १८०९ मध्ये सार्डिनिया बेटावरील सास्सारी येथे छापले. प्राणी जिवंत व सावध राहतो, परंतु ज्या बाजूची इजा त्याच बाजूचे अवयव दुबळे होतात, असे त्यांना दिसले. निमस्तिष्कातील एकावर एक रचलेले थर पाहून त्यांनी या अवयवाची तुलना व्होल्टा यांच्या विद्युत्‌घटाशी केली. ही उपमा टिकली नाही, निरीक्षण मात्र टिकले. प्रमस्तिष्काला (मोठ्या मेंदूला) इजा झाल्यास विरुद्ध बाजूचे अवयव बाधित होतात, तर निमस्तिष्काच्या बाबतीत त्याच बाजूचे होतात. कारण निमस्तिष्काकडून प्रमस्तिष्काकडे व तेथून मेरुरज्जूकडे जाणारा मार्ग दोनदा बाजू बदलतो.

फ्रेंच शास्त्रज्ञ प्येअर फ्लूरांस (१७९४–१८६७) यांचे १८२४ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग अधिक शिस्तबद्ध होते. त्यांनी कबुतराचे निमस्तिष्क थराथराने काढले. वरचे थर काढल्यावर पक्षी किंचित अडखळू लागला. मधले काढल्यावर त्याच्या हालचाली विस्कळित झाल्या. सर्व काढल्यावर त्याला उडणे, चालणे, उभे राहणे यांपैकी काहीच जमेना. उताणा ठेवलेला पक्षी धडपडे, पण सरळ होऊ शकत नसे. मात्र अंगावर येणारा तडाखा त्याला दिसे व तो चुकविण्याचा प्रयत्नही तो करी. यावरून फ्लूरांस यांनी असा सिद्धांत मांडला, की निमस्तिष्क गेल्याने हालचालीची शक्ती किंवा इच्छा जात नाही, हालचालींतील मेळ जातो. बुद्धी व संवेदना यांना धक्का लागत नाही.

या सिद्धांताला त्या काळच्या वादाची पार्श्वभूमी होती. कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव ओळखण्याचा दावा करणारे फ्रांट्स योझेफ गाल (१७५८–१८२८) यांनी निमस्तिष्क हे कामवासनेचे स्थान ठरविले होते. फ्लूरांस या मताचे कडवे विरोधक होते. गाल यांची कल्पना निराधार होती यात शंका नाही. पण तिच्या जोडीने निमस्तिष्काचा मनोव्यापाराशी काही संबंध असू शकेल हा विचारही बाद झाला, असे म्हणावे लागते. शिवाय जिची विचारशक्ती अबाधित ठरविली गेली, ती कबुतराची होती.

पुढील टप्पा लुईजी लुच्यानी (१८४०–१९१९) यांचा. शस्त्रक्रियेनंतर कुत्रे दीर्घकाळ जगविण्यात त्यांना यश आले. त्यामुळे ताज्या जखमेचे परिणाम व कायमचे दोष वेगळे करता आले. त्यांच्या १८९१ च्या ग्रंथात स्नायूंचे शैथिल्य, दुर्बलता व अस्थैर्य ही तीन लक्षणे निश्चित केली आहेत. पॅरिस येथे झोझेफ बाबिन्स्की (१८५७–१९३२) यांनी रुग्णांच्या तपासणीतून आणखी दोन लक्षणे दाखविली : संयुक्त हालचालीचे घटक सुटेसुटे होणे आणि तळहात भराभर उलटसुलट करण्यासारखी विरुद्ध हालचालींची मालिका न साधणे. तपासणीच्या या युक्त्या आजही खाटेजवळ वापरल्या जातात.

पहिल्या महायुद्धाने या अभ्यासाला, दुर्दैवाने, भरपूर साहित्य पुरविले. आयरिश तंत्रिकातज्ञ गॉर्डन होम्स (१८७६–१९६५) हे फ्रान्समधील ब्रिटिश लष्करी रुग्णालयात काम करीत होते. कवटीच्या मागील भागात गोळी वा तोफगोळ्याची कपची शिरलेले अनेक सैनिक त्यांच्याकडे आले. हे रुग्ण तरुण व अन्यथा निरोगी होते, इजा केव्हा व कोठे झाली ते ठाऊक होते, आणि बऱ्याच जणांची एकच बाजू जखमी असल्याने दुसरी बाजू तुलनेसाठी शाबूत होती. होम्स यांचे १९१७ मधील वर्णन अद्याप मागे पडलेले नाही. नाकाला बोट लावण्यास सांगितले असता हात उशिरा निघतो, वेडावाकडा जातो, लक्ष्याजवळ कंप पावतो व लक्ष्याच्या अलीकडे थांबतो किंवा पलीकडे जातो. वाकविलेला हात तपासनिसाने ओढून धरला व एकाएकी सोडला, तर तो वेळीच आवरता न आल्याने रुग्णाच्याच अंगावर आदळतो. चाल पाय फाकवून, झोकांड्या खात होते. बोलणे संथ, तुटक व जडावलेले होते आणि बुबुळे आपोआप आंदोलत राहतात. लकवा मात्र नसतो.

याच विषयाचा १९३९ मध्ये पुन्हा आढावा घेताना होम्स यांनी उजवी बाजू जखमी झालेल्या एका रुग्णाचे म्हणणे नोंदविले आहे. त्याचा डावा हात नकळत आपले काम करी. उजव्या हाताची प्रत्येक हालचाल मात्र त्याला आधी विचाराने जुळवावी लागे. निमस्तिष्काच्या कार्याविषयी याहून नेमके निवेदन क्वचितच आढळेल. सरावाने अंगवळणी पडलेली क्रिया पुन्हा नवशिक्याची झाली होती. तथापि होम्स यांच्या तपासणीचा रोख हालचालींवर होता आणि त्यांच्या लेखनाचा अधिकार इतका मोठा, की पुढील पिढ्यांनी रुग्णाला बोट नाकाला लावावयास सांगितले, सरळ रेषेत चालावयास सांगितले आणि तेथेच तपासणी संपविली.

या चौकटीतही मोलाचे काम झाले. मुंबई येथील तंत्रिकातज्ञ नोशीर होर्मसजी वाडिया (१९२५–२०१६) यांनी आर. के. स्वामी यांच्यासमवेत १९७१ मध्ये नऊ भारतीय कुटुंबांतील आनुवंशिक निमस्तिष्क-ऱ्हासाचे वर्णन प्रसिद्ध केले. या रुग्णांत चालीतील असमन्वयाबरोबरच एक वेगळे लक्षण होते : एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूकडे दृष्टी वळविताना डोळे झटकन न वळता संथपणे सरकत. अशा विकारांपैकी एकाचा जीन १९९६ मध्ये सापडला आणि या कुटुंबांचा रोग त्याच प्रकारात मोडतो, असे पुढे मानले गेले. या जीनमध्ये एका लहानशा क्रमाची प्रमाणाबाहेर पुनरावृत्ती झालेली असते. जीनचा पत्ता लागण्यापूर्वी पंचवीस वर्षे केवळ डोळ्यांकडे बारकाईने पाहून हा रोग वेगळा काढला गेला, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

दरम्यान अवयवाची आंतररचनाही उलगडत होती. यान पुर्किन्ये (१७८७–१८६९) यांनी १८३७ मध्ये दाखविलेल्या मोठ्या कोशिका हाच निमस्तिष्काच्या बाह्यकातून बाहेर जाणारा एकमेव मार्ग आहे. या कोशिकांचा परिणाम उत्तेजक नसून रोधक असतो, हे जपानी शास्त्रज्ञ मासाओ इतो (१९२८–२०१८) यांनी १९६४ मध्ये सिद्ध केले. चुकीची सूचना मिळताच पुढील कृती सुधारणारे यंत्र म्हणून निमस्तिष्काकडे पाहणारे सिद्धांत डेव्हिड मार यांनी १९६९ मध्ये व जेम्स अ‍ॅल्बस यांनी १९७१ मध्ये मांडले. असे यंत्र केवळ हातापायांच्या हालचालींपुरतेच का असावे, हा प्रश्न आता अटळ होता.

अमेरिकेत हेन्रिएटा लाइनर, अ‍ॅलन लाइनर व रॉबर्ट डाऊ यांनी तो १९८६ मध्ये उघडपणे विचारला. मानवात निमस्तिष्काचे बाजूचे भाग प्रमस्तिष्काच्या ललाट भागाबरोबर वाढले आहेत, तेव्हा ते बौद्धिक कौशल्यांतही साहाय्य करीत असावेत, असा त्यांचा तर्क होता. मेंदूतील रक्तप्रवाहाच्या चित्रणात १९८८ मध्ये दिसले, की नामाला अनुरूप क्रियापद शोधताना निमस्तिष्काचा उजवा भाग उद्दीपित होतो. हा भाग नुसते शब्द उच्चारताना उद्दीपित होणाऱ्या भागाहून निराळा होता. उजव्या निमस्तिष्काला इजा झालेल्या एका रुग्णाची १९९२ मध्ये तपासणी झाली. नेहमीच्या बुद्धिमापनात तो उत्तम ठरला. पण याच क्रियापदांच्या कसोटीत तो चुकत होता, आपण चुकलो हे त्याला पुष्कळदा कळत नव्हते आणि सरावाने त्यात सुधारणाही होत नव्हती. निमस्तिष्कातून ललाट बाह्यकाकडे जाणारे तंतुमार्ग माकडांमध्ये १९९४ मध्ये दाखविण्यात आले.

जेरेमी श्मामान व जॅनेट शर्मन यांनी बॉस्टन येथे २० रुग्णांचा अभ्यास करून १९९८ मध्ये या दोषांचा एक लक्षणसमूह मांडला. योजना आखणे, एका विचारावरून दुसऱ्यावर वळणे, शब्द भराभर आठवणे, जागेचा व आकृतीचा अंदाज घेणे यांत हे रुग्ण उणे पडत. भाषेतील चढउतार व व्याकरण बिघडे. भावना बोथट होत किंवा वागणे पोरकट व अनावर होई. पश्चखंडाच्या इजेत बौद्धिक दोष ठळक, मध्यभागाच्या इजेत भावनिक दोष ठळक आणि अग्रखंडाच्या इजेत हे दोष सौम्य, असा भेदही त्यांना आढळला. हालचालीतील चुकलेल्या मापाप्रमाणेच विचारातही माप चुकते, अशी श्मामान यांची उपपत्ती आहे. सर्वांनीच ती मान्य केलेली नाही. हात थरथरणारा, बोलणे मंदावलेला रुग्ण वेळेच्या कसोटीत मागे पडणारच, हा आक्षेप वाजवी आहे. तथापि ज्या रुग्णांची हालचाल जवळजवळ निर्दोष असते, त्यांच्यातील बौद्धिक दोषांचे स्पष्टीकरण त्याने होत नाही.

लहान मुलांतील अनुभव अधिक बोलका आहे. निमस्तिष्काच्या मध्यभागातील अर्बुद (गाठ) काढल्यावर काही मुले एक-दोन दिवसांनी बोलेनाशी होतात. ही अवस्था काही आठवडे वा महिने टिकते. मूल चिडचिडे होते व वाचा परतल्यावरही भाषेत आणि अभ्यासात उणिवा राहू शकतात. १९८० नंतरच्या दशकात असे रुग्ण स्वतंत्रपणे ओळखले जाऊ लागले. याउलट, जन्मतःच निमस्तिष्क नसलेली एक २४ वर्षांची चिनी स्त्री २०१४ मध्ये वैद्यकीय साहित्यात नोंदली गेली. ती सातव्या वर्षी चालू लागली होती आणि तिचे दोष अपेक्षेपेक्षा बरेच सौम्य होते. वाढत्या मेंदूत इतर भाग काही प्रमाणात ही जागा भरून काढतात, परंतु विकसित झालेले निमस्तिष्क एकाएकी निकामी झाल्यास ते तितकेसे साधत नाही, असे यावरून दिसते.

निमस्तिष्काच्या रुग्णांतील बौद्धिक दोष शोधण्यासाठी खाटेजवळच करता येण्याजोगी एक छोटी कसोटी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ठरावीक वेळात शब्द सांगणे, अंक उलट क्रमाने म्हणणे, घनाची आकृती काढणे यांसारख्या दहा बाबी आहेत. शिक्षण व मातृभाषा यांनुसार तिचे निकष बदलणे आवश्यक ठरते. कामावर परतल्यावर हिशेब जुळत नाहीत किंवा स्वभाव पालटला आहे, अशी तक्रार पूर्वी रुग्णाचे नातेवाईक करीत, तेव्हा ती निराशेवर ढकलली जाण्याचा संभव असे. अशा तक्रारींची पडताळणी करण्याचे साधन या कसोटीमुळे वैद्याच्या हाती आले आहे.